खंडेनवमीला पुजलेलं मशीन

१

दसऱ्याच्या दुपारी चारच्या सुमारास वरच्या वाडीतला धोंडी जांभळीच्या मोठ्या फांदीखाली सापडला. त्याच्या उजव्या हाताशी चेनसॉ पडला होता. तो कशेळ्याच्या महिला मंडळाच्या अवजार केंद्राचा होता.

केंद्र चालवणाऱ्या अंबाबाई पोचल्या तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्या जीपवाल्यांनी फांदी उचलून धोंडीला मोकळं केलेलं होतं. श्वास चालू होता, पण शुद्ध नव्हती. डोक्यावर हेल्मेट नाही, पायात ती जाड पँट नाही. कोणी तरी त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावत होतं. अंबाबाईंनी तो हात हलकेच धरला.

"पाणी नको. मान हलवू नका. एक फळी आणा."

त्यांचा आवाज कधी चढत नसे. तरी फळी आली, मागून रुग्णवाहिका आली, आणि धोंडीला घेऊन पनवेलच्या वाटेला लागली. मग कुठे त्यांनी मशीनकडे पाहिलं. नारिंगी अंग, मुठीवर पांढऱ्या रंगानं घातलेला तीनचा आकडा. अष्टमीच्या संध्याकाळी त्यांनी स्वतः ते घासून-पुसून लख्ख केलं होतं. दाता-दातांत बसलेला डिंक रॉकेलात भिजवून, जुन्या ब्रशानं काढला होता. शेजारी समई तेवणार म्हणून टाकीतलं पेट्रोलही काढून घेतलं होतं. खंडेनवमीला सकाळी ते पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दसऱ्याची संध्याकाळची आरती होईपर्यंत त्या अवजाराला हात लावायचा नसतो, आणि पूजेतल्या अवजारांच्या खोलीला कुलूप घालायचं नाही ही त्यांच्या घरची रीत.

ते मशीन इथे, तीन किलोमीटरवरच्या फार्महाऊसवर, आलं कसं?

"काकू, मी आत गेस्टच्या रूम बघत होतो," फार्महाऊसचा मॅनेजर स्वप्नील घाम पुसत म्हणाला. "मशीनचा आवाज आला. मला वाटलं, शेजारी कुठंतरी चाललंय. मग धाडकन आवाज! पळत येतो तर हा असा. मशीन चालूच होतं, चेन गरगर फिरत होती. मीच बंद केलं."

"तू सांगितलं होतंस त्याला फांदी तोडायला?"

"मी? छे! तुम्हीच नाही म्हणालात ना परवा, दसऱ्याला मशीन निघणार नाही म्हणून. मी विषय सोडून दिला. ह्यानंच परस्पर ठरवलं असेल, चार पैसे सुटतील म्हणून."

हवालदार गायकर वहीत लिहीत होते. पेनाचं टोपण लावून ते अंबाबाईंच्या जवळ आले.

"ताई, मशीन तुमचं. दार उघडं होतं, हे ह्याला ठाऊक होतं. म्हणजे चोरीची फिर्याद तुमची. उद्या-परवा येऊन सही करा. शनिवारपर्यंत मला कागद पाठवायचाय."

"शुद्धीत नसलेल्या माणसावर?"

"शुद्धीत आला की चोर नाय राहणार का तो?"

२

वरच्या वाडीतल्या सहा ठाकर पुरुषांना दोन वर्षांपूर्वी केंद्रानं चेनसॉ शिकवला होता. धोंडी त्यांतलाच एक. शिकवायला लियाकतभाई येत. कर्जतच्या बाजारात त्यांचं मशीन दुरुस्तीचं दुकान. केंद्राच्या भिंतीवर अंबाबाईंनी त्यांचे नियम रंगवून घेतले होते. हेल्मेट, कानाचे मफ आणि जाड पँट घातल्याशिवाय मशीन मिळणार नाही. एकट्यानं कापायचं नाही. दुसरा माणूस हाकेच्या अंतरात, पण झाडाच्या दुप्पट उंचीइतका लांब. आणि शेवटी: मशीन उघडायचं ते शिकलेल्या हातानंच. बाकी कोणी उघडलं तर वर्षभर मशीनला शिवायचं नाही, मग तो कोणीही असो.

हे सहाजण शिकल्यापासून पावसाळ्यात रस्त्यावर झाड पडलं की फोन वाडीला जाई. आणि आता मंडळातल्या दोघी-तिघींनी रविवारी सभा लावली होती. वाडीवाल्यांना यापुढे मशीन द्यायचं नाही, असा ठराव येणार होता. अंबाबाईंनी चोरीच्या फिर्यादीवर सही केली की तो ठराव आपोआप पास होणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

शुक्रवारी सकाळी त्या पनवेलच्या दवाखान्यात पोचल्या. धोंडीची बायको मोतीबाई बाहेर बाकड्याशेजारी फरशीवर बसली होती.

"वर बस गं."

"इथंच बरं हाय." तिनं मान वर केली नाही. "तुमी सही करनार, ताई?"

"मला सांग, दसऱ्याला सकाळपासून काय काय झालं."

"काय व्हायचंय? सकाळी कोयता पुजला, कुऱ्हाड पुजली. मंग जेवला नि झोपला. दोनच्या सुमाराला फोन आला. बोलला, 'मशीन नाय धरायची, नुसती मदत हाय, येतो तासाभरात.' कोनाचा फोन ते इचारलं नाय मी. सनाच्या दिशी त्यो कोयतासुदिक धरत नाय, ताई. मशीन काय धरील? तुमी शिकीवलं त्याला टोपडं घालायला. घरी आला तरी आरश्यात बगायचा, टोपडं घालून. आमचा पोरगा मंगळ्या हसायचा त्याला, नवरदेव बोलायचा."

"हेल्मेट कुठाय त्याचं?"

"घरी खुंटीला. पँट बी घरीच."

नर्सनं आत पाच मिनिटं दिली. धोंडीचं डोकं पट्ट्यांत बांधलेलं, चेहरा सुजलेला. अंबाबाईंनी चादरीवरचा त्याचा हात सरळ केला, आणि त्यांना तळवा दिसला. दोन्ही तळव्यांवर आडव्या, लालभडक, सोललेल्या पट्ट्या होत्या. त्यांनी सिस्टरना विचारलं.

"दोरीनं होतं असं," सिस्टर म्हणाल्या. "ओढलेला दोर हातातून सुटला की."

अंबाबाई तिथेच उभ्या राहिल्या. ज्याचे दोन्ही हात दोराला, त्यानं मशीन कोणत्या हातानं धरलं होतं?

३

दुपारी त्या थेट फार्महाऊसवर गेल्या. स्वप्नील पोहायच्या तलावाच्या कडेला खुर्च्या मांडून घेत होता. पाहुणे संध्याकाळी येणार होते.

"काकू, पुन्हा?"

"पाच मिनिटं. झाड बघते आणि जाते."

फांदी अजून तिथेच पडलेली होती. जांभळीचं लाकूड ठिसूळ, पण ही फांदी मोडलेली नव्हती. अर्धी कापली गेली होती, आणि पुढचा अर्धा भाग ताणानं उभा चिरत खोडापर्यंत फाटला होता. तलावाच्या बाजूनं वाकलेली फांदी दोरानं उलट्या अंगाला ओढली, तर ती अशीच फाटते आणि चाबकासारखी मागे येते. कापल्या भागाचं अंग मात्र गुळगुळीत होतं. गवतात पडलेला भुसा त्यांनी चिमटीत घेतला. पीठ नव्हतं ते, टपोऱ्या ढलप्या होत्या. म्हणजे धारदार चेन आणि सराईत हात.

फांदीच्या मध्यावर सालीवर एक ओला, घासलेला वळ होता. दोर बांधल्याचा.

"दोर कुठं गेला रे, स्वप्नील?"

"दोर? कसला दोर? काही नव्हता दोर."

"बरं."

"काकू, एक बोलू? तुम्ही भल्या आहात. पण ह्या लोकांना डोक्यावर घेतलंत. मशीन शिकवलंत, आता पचवा. तुमच्या केंद्राचं नाव खराब होतंय, मला वाईट वाटतंय."

"तुला किती वाजता सापडला तो?"

"चारला. लगेच बोंब मारली मी."

"आणि फांदी पडल्याचा आवाज?"

"तेव्हाच की. चार, फार तर पाच मिनिटं आधी."

निघताना फाटकाशी माळीण भेटली. तिनं इकडेतिकडे पाहिलं. "सोनं घ्या, ताई, काल द्यायचं राहिलं," म्हणत आपट्याचं पान हातावर ठेवलं, आणि तेवढ्याच आवाजात पुढे बोलली, "माझी सून पाणी भरायला निघाली तवा झाड पडलं. नळ तीनला येतो आमचा."

तीन ते चार. एक तास धोंडी त्या फांदीखाली पडून होता, आणि कोणी बोंब मारली नव्हती.

४

गायकर हवालदार वाईट मनाचे नव्हते, घाईचे होते. शनिवारी सकाळी अंबाबाई चौकीत गेल्या तेव्हा टेबलावर फिर्यादीचा कागद तयार होता, सहीच्या जागी फुली मारलेली.

"सही करते," अंबाबाई म्हणाल्या, "पण मशीन आमचं आहे, तर ते कोणत्या हालतीत सापडलं तेही कागदात यायला हवं. लियाकतभाईंना बोलावलंय. तुमच्यासमोर बघतील."

"बघा बघा. लवकर आटपा."

लियाकतभाई आले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, मशीन टेबलावर जुन्या पेपरावर ठेवलं. आधी ब्रेक पाहिला, मग टाकीचं झाकण उघडून वास घेतला, आत डोकावले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. पण बोलले काही नाहीत. मग पट्टीवरची चेन बोटानं थोडी सरकवली, आणि त्यांचं बोट थांबलं.

"हवालदारसाहेब, ह्या मशीननं फांदी कापली म्हणता?"

"मग? मॅनेजरनं डोळ्यांनी पाहिलंय."

"ह्या मशीननं काकडी पण नाही कापली जायची." त्यांनी मशीन फिरवून धरलं. "हे बघा. पट्टीच्या वरच्या अंगाला दातांचं तोंड पुढे, पट्टीच्या टोकाकडे पाहिजे. इथं सगळे दात मागे, माणसाकडे बघतायत. चेन उलटी घातलीय. मशीन सुरू होईल, चेन फिरेल, लाकडावर धूर निघेल. पण कापणार नाही."

गायकरांनी पेन खाली ठेवलं. "मग नंतर कोणी फिरवली असेल."

"चौकीतून बाहेर गेलं नाही ना मशीन? फार्महाऊसवर तर कोणी कशाला फिरवेल? दोन नट, कव्हर, गरारी, दहा मिनिटांचं काम. आणि माझ्या दुकानातून अशी जात नाही, अल्लाकसम. शिकलेल्या माणसाचं काम नव्हे हे. नवशिक्या पहिल्यांदा उघडतो ना, तेव्हा होतं. कोणी उघडलं होतं, अंबाताई?"

अंबाबाईंनी वाकून चेनचे दात पाहिले.

अष्टमीची संध्याकाळ. दारात पाट, रॉकेलची ताटली, जुना ब्रश. नऊ दिवसांचा उपास, आणि देवापुढे ठेवायचं ते डागविरहित असावं ही ओढ. लियाकतभाईंना शंभरदा नट उघडताना पाहिलं होतं. एवढंसं तर काम. चेन धुतली, पुसली, परत चढवली, कव्हर लावलं, नट आवळले. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? भिंतीवर रंगवलेला शेवटचा नियम त्यांच्या पाठीमागेच होता.

"ताई?" लियाकतभाईंनी पुन्हा विचारलं.

"टाकीत काय दिसलं तुम्हाला?" त्यांनी उलट विचारलं. आवाज स्थिर होता, पण ते लपवणं होतं, हे त्यांना कळलं.

लियाकतभाई जरा घुटमळले. "तुम्हाला मी हिरवं टूटी ऑइल देतो, पेट्रोलात घालायला. ह्या टाकीत लाल आहे."

"आम्ही तर टाकी रिकामी केली होती पूजेआधी."

"मग कोणीतरी भरली. रिकाम्या टाकीचं मशीन पडलेलं दिसलं असतं तर तुम्ही विचारलं असतं ना, कापलं कशानं."

"लाल तेल कोण नेतं?"

"गिऱ्हाइकाचं नाव..." ते थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाहेरूनही कोणी आणत असेल. पण माझ्या दुकानातून लाल एकच माणूस मागतो. भिसेगावचा देवेश. झाडांचे ठेके घेतो. कालपासून खालापूरकडे कामावर गेलाय."

५

गायकरांनी देवेशला फोन केला, आणि फोनवर नेमकं काय सांगायचं ते अंबाबाईंनी त्यांना आधी सुचवलं. "कापून दाखवायला माणूस पाहिजे, असंच म्हणा. पंचनाम्यासाठी." दुपारी बारापर्यंत देवेश खालापूरहून मोटारसायकलवर आला. उंच, राकट, बोटं डिंकानं काळी.

फार्महाऊसच्या जांभळीखाली सगळे उभे राहिले. स्वप्नील, गायकर, लियाकतभाई, मंडळाच्या चिटणीस फराह. स्वप्नील वैतागला होता.

"साहेब, गेस्ट आहेत आत. हे काय नाटक?"

"नाटक नाही," अंबाबाई म्हणाल्या. "तू म्हणतोस ह्या मशीननं धोंडीनं फांदी कापली. पंचनाम्यात किती वेळ लागला असेल ते लिहायचंय. देवेश सराईत आहे, त्यानं त्याच फांदीला एक काप घालून दाखवावा. हेल्मेट घाल रे, पोरा. हे घे."

"अहो, कापून टाक ना एकदाचं," स्वप्नील म्हणाला. "लाव, देवेश, लाव."

देवेशनं हेल्मेट घातलं. मशीन उचललं, डावा हात पुढच्या मुठीवर, ब्रेक पुढे ढकलून लावला. सराईत माणूस दोरी खेचण्याआधी चेनकडे एक नजर टाकतो, तशी त्यानं टाकली.

दोरी त्यानं खेचली नाही.

 त्यानं मशीन वळवून दात पुन्हा पाहिले.

"अरे लाव ना!" स्वप्नील ओरडला. "काय बघतोस?"

"कापनार नाय ही," देवेश म्हणाला.

"काय?"

"चेन उलटी हाय." त्यानं मशीन हळूच गवतावर ठेवलं. "तू... तू हेच आनलंस होय रं? बघून आनायचं ना."

ते बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. गायकरांनी वही उघडली. स्वप्नीलचा चेहरा लाल झाला, आणि मग एकदम त्याला सुचलं.

"थांबा! चेन आत्ता उलटी आहे. परवा सरळ होती. सकाळी चौकीत हा मशीनवाला आलाच होता की! ह्यांचाच माणूस. ह्यांनीच फिरवली, धोंडीला सोडवायला. साहेब, तुम्ही डोळ्यात तेल घालून बसला होतात का?"

गायकर अंबाबाईंकडे पाहू लागले. सकाळी चहा आला होता तेव्हा ते दोन मिनिटं बाहेर गेले होते, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. देवेशही त्यांच्याकडे पाहत होता, शब्द परत घेता येतील का असं.

अंबाबाईंनी पदर सावरला.

"चेन मीच उलटी घातली," त्या म्हणाल्या.

"ऐका! ऐका!" स्वप्नील ओरडला.

"मंगळवारी. अष्टमीला संध्याकाळी, माझ्या दारात, पूजेसाठी धुताना. मला येत नव्हतं, तरी मी उघडली. आमच्या केंद्रात ते करायला बंदी आहे, आणि ती बंदी मीच घातलीय. ह्या दोन दिवसांत मी ते कुणाला बोलले नाही. सकाळी लियाकतभाईंनी सरळ विचारलं तेव्हाही नाही. ती माझी चूक, ती लिहा. फराह, नवमीचा फोटो दाखव साहेबांना."

फराहनं मोबाईल पुढे केला. बुधवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलेला फोटो. पाटावर मशीन, झेंडूची माळ मुठीभोवती, पट्टी उघडी आणि तिच्यावर कुंकवाची बोटं. फराहनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. वरच्या अंगाचे दात सगळे मागे तोंड करून बसले होते.

गायकरांनी तो बराच वेळ पाहिला. मग खाली गवतावरच्या मशीनकडे पाहिलं.

"बुधवारपासून हे मशीन काही कापू शकत नव्हतं," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. "आणि तू म्हणतोस चालूच होतं, कापून झाल्यावर तू बंद केलंस."

 देवेश खाली बसला होता, हेल्मेट मांडीवर.

"सांगतो," तो म्हणाला. "मीच कापली. माझ्या मशीननं. ह्याचे गेस्ट येनार, फांदी तलावावर नको, आजच पाहिजे, बोलला. ताईंनी नाय सांगितलं म्हनून मला बोलावला. दोर धरायला मानूस पाहिजे होता, ह्यानं धोंडीला फोन लावला. तो बोलला, मशीन धरनार नाय, दोर धरतो. मी त्याला..." त्यानं हेल्मेट गवतावर ठेवलं. "मी त्याला खाली जवळ उभा केला. दोर आखूड होता. लांबचा आनायला घरी जायला पाहिजे होतं. मला वाटलं एका कापात होईल."

"मग?" गायकर म्हणाले.

"फाटली नि फिरून आली. मी बोललो, उचल, गाडी बोलव. हा बोलला, थांब. परवानगी नाय, काही नाय, दोघं आत जाऊ. तुझं मशीन, तुझा दोर घे नि निघ, मी बघतो. बाया देवळात गेल्यात, त्यांचं दार उघडं हाय, मघाशी सोनं द्यायला गेलो तवा बघितलंय. मशीन आनून ठेवतो, मग बोंब मारतो, बोलला. टाकी रिकामी निघाली, तवा माझ्या मागं राहिलेल्या कॅनातलं घातलं, फोनवर बोलला मला."

"आणि तेवढा वेळ तो तिथं पडून," अंबाबाई म्हणाल्या.

"मी गेलो, ताई. मी निघून गेलो."

स्वप्नील म्हणाला, "साहेब, हा वाट्टेल ते..." पण त्याचा आवाज कोणी ऐकत नव्हतं. गायकरांनी चोरीच्या फिर्यादीचा कागद खिशातून काढला, चार तुकडे केले, आणि कोऱ्या पानावर लिहायला घेतलं.

"ताई, फिर्याद तुमचीच राहील," ते म्हणाले. "मशीन चोरल्याची. फक्त नाव बदलेल. बाकीचं मी लिहितो, एक तास पडू दिल्याचं सुद्धा."

६

रविवारच्या सभेला केंद्राची पडवी भरली. धोंडी आदल्या संध्याकाळी शुद्धीवर आला होता. कंबरेचं हाड जुळायला सहा महिने, चालायला त्याहून जास्त, असं डॉक्टर म्हणाले होते. पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा त्यानं मोतीबाईला विचारलं, "मशीन धरली नाय ना मी?" नाही, असं तिनं सांगितल्यावर पुन्हा झोपला.

वाडीवाल्यांना मशीन न देण्याचा ठराव ज्यांनी आणला होता त्या दोघी मागच्या रांगेत बसल्या होत्या. तो वाचलाच गेला नाही. अंबाबाई उभ्या राहिल्या आणि अष्टमीची गोष्ट, रॉकेलची ताटली, नट, सगळं सांगितलं. मध्ये कोणी तरी म्हणालं, "अहो ताई, देवासाठीच ना केलंत, आणि त्यामुळे तर सुटला धोंडी!"

"सुटला तो देवेशनं नजर टाकली म्हणून," अंबाबाई म्हणाल्या. "समजा पूजेनंतर हेच मशीन घेऊन कोणी रस्त्यावरचं झाड कापायला गेलं असतं. कापत नाही म्हणून जोर लावला असता, पाय घसरला असता. देवासाठी केलेलं चुकीचं काम चुकीचंच राहतं. वर्षभर मी मशीनला हात लावणार नाही. केंद्र फराह बघेल."

फराह काही बोलणार होती, पण अंबाबाई खाली बसल्या होत्या.

 मोतीबाई दाराशी उभी होती. दवाखान्यातून सकाळच्या गाडीनं आली होती, केस विस्कटलेले, लुगड्याला औषधाचा वास.

"वाडीचे पाचजन हायेत अजून," ती म्हणाली. "पर एक कमी पडला ना. मला शिकवा."

"तुला?" मागच्या रांगेतून आवाज आला. "बाई, जड असतं ते!"

"सहा किलो हाय. मी मोळी वाहते ती बावीस किलोची. धोंडी घरी आला का त्याला बगायला बी पाहिजे कोनी, आनी घरात मशीनचं काम जायला नको." तिनं लियाकतभाईंकडे पाहिलं. "शिकवाल का, भाई?"

लियाकतभाई हसले नाहीत. "शिकवीन. पण एकटीला नाही, दोघी लागतात. दुसरी कोण?"

"मी शिकते," अंबाबाई म्हणाल्या. "हात न लावता. बघून."

मशीन पडवीबाहेर, मोकळ्या जागेत ठेवलं गेलं. पंचनाम्यातून अजून तीन नंबरचं सुटलं नव्हतं, म्हणून हे दोन नंबरचं. लियाकतभाईंनी दोघींना समोर उभं केलं. हेल्मेट मोतीबाईच्या डोक्याला मोठं होत होतं, तिनं आत पदर दुमडून घातला.

"आता समजा झाड तोडायचंय," ते म्हणाले. "मशीन उचलायच्या आधी पहिल्यांदा काय बघायचं?"

अंबाबाईंच्या ओठांवर चेन आली होती, ब्रेक आला होता. त्या बोलायच्या थांबल्या, कारण मोतीबाई मशीनकडे बघतच नव्हती. ती मागे वळून अंगणभर नजर फिरवत होती, पडवीतल्या बायांवरून, कुंपणापाशी उभ्या असलेल्या मंगळ्यावरून.

"आदी मानूस कुठं कुठं उभा हाय ते," मोतीबाई म्हणाली. मग तिनं हात उचलून मंगळ्याला मागे हटवलं. "अजून लांब जा रं. अजून लांब."